सेलफिश ओएस मुंबईत: व्होल्टे आणि यूपीआयपाशी घोडं अडलंय, कोणी मार्ग काढलाय का?

माहीमची_मासोळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सोनीचा एक्सपीरिया टेन मार्क थ्री आहे. तो भारतात कधी दुकानात आलाच नाही, भावाने जर्मनीहून आणून दिला. त्यावर अँड्रॉइड नाही, सेलफिश ओएस आहे. नाव नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात: नोकियातून बाहेर पडलेल्या काही लोकांनी २०११ मध्ये फिनलंडमध्ये योला ही कंपनी काढली, तिची ही प्रणाली. मुळाशी लिनक्स. भारतातही ती येऊन गेली आहे. २०१४ मध्ये योलाचा पहिला फोन स्नॅपडीलवर विकायला होता आणि २०१६ मध्ये इंटेक्सने ॲक्वा फिश नावाचा स्वस्त फोन काढला होता, साडेपाच हजारांच्या आसपास.

फोन म्हणून मला यात काहीही कमी वाटत नाही. सगळं बोट कडेवरून सरकवून चालतं, त्यामुळे लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने आरामात वापरता येतो. कोणतं ॲप मागे काय करतंय ते मला दिसतं. गुगलचं खातं लागत नाही. हा फोन मला सोडायचा नाही, हे आधीच सांगते, कारण पहिला सल्ला तोच मिळतो.

अडचणी दोन.

पहिली कॉलची. फोरजीवर इंटरनेट पळतं, पण कॉल आला किंवा केला की नेटवर्क धपकन टूजीवर उतरतं. बोलणं संपेपर्यंत इंटरनेट बंद. संध्याकाळच्या गर्दीत दादर-परळच्या पट्ट्यात तर कॉल येतच नाही, आईला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं आणि ती काळजीत पडते. व्होल्टेचं (म्हणजे फोरजीवरूनच बोलायच्या सोयीचं) बटण सेटिंग्जमध्ये आहे, बीटा म्हणजे चाचणीतलं म्हणून, ते चालूही केलं आहे. पण नोंदणी होत नाही. सिमकार्डाच्या कंपनीला विचारलं तर कस्टमर केअरवाली मुलगी अँड्रॉइडचा मेनू वाचून दाखवते. माझ्याकडे तो मेनू नाही म्हटलं की 'तुमचा हँडसेट आमच्या यादीत नाही.' ती यादी कुठे बघायला मिळेल, यावर उत्तर नाही. गॅलरीत गेले तर तिथे मला हप्त्यावर नवीन फोन घ्यायचा फॉर्म दिला.

दुसरी पैशांची. सेलफिशमध्ये अँड्रॉइडची ॲप्स चालवायची सोय आहे. माझ्या बँकेचं ॲप त्यात उघडतं, आणि 'हे उपकरण सुरक्षित नाही' असं सांगून बंद होतं. यूपीआयची ॲप्स सिम पडताळणीपाशी अडकतात, कारण अँड्रॉइडच्या त्या भागातून एसएमएस बाहेर जात नाही. ॲप बनवणाऱ्यांना ईमेल केल्या. काहींचं ठरीव उत्तर आलं, काहींचं आलंच नाही.

मुंबईत (ठाणे, वसई, पनवेल धरून) कोणी सेलफिश, उबंटू टच, पोस्टमार्केट ओएस, काहीही वेगळं वापरत असेल तर सांगा. कोणत्या फोनवर, कोणत्या भागात व्होल्टे लागलं? आणि पैशांचं कसं भागवता?

दहिसर_नाका

माझ्याकडे उबंटू टच आहे. हेच रडगाणं. कॉल टूजीवर, बँक बंद. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वास्तववादी

ताई, मनापासून सांगतो, राग मानू नका. फोन हे आज ओळखपत्र, पाकीट आणि आजारी माणसाच्या घरी संकटाचा आधार आहे. माझे वडील हृदयरोगी आहेत. माझा कॉल लागला नाही तर काय होईल या विचाराने मी असा कोणताही प्रयोग करणार नाही. एक साधा अँड्रॉइड कॉल आणि पैशांसाठी ठेवा, आवडीचा फोन घरी वापरा. कंपन्या मूठभर लोकांसाठी वेळ घालवणार नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही. चाचणीला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो.

माहीमची_मासोळी

राग नाही, वडिलांची काळजी समजते. पण कॉल लागणं हाच प्रयोग ठरावा हे मला पटत नाही. मी पैसे भरून रिचार्ज करते. फोनमध्ये रेडिओ आहे, सिम आहे, तोच फोन त्याच जागी अँड्रॉइड टाकला की व्होल्टेवर बोलतो. मी स्वतः करून पाहिलंय. म्हणजे यंत्र तेच, टॉवर तोच.

खिडकीवाला

या दुखण्यातून मी आधीच गेलो आहे. २०१३ ते २०१७ मी विंडोज फोन वापरला, आधी ल्युमिया ५२०, मग एक मोठा. ५२० हा साधारण दहा हजारांचा फोन, पण लोण्यासारखा चालायचा. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांकडे ल्युमिया होता, त्यामुळे 'मूठभर लोक' हे कारण तिथे लागू नव्हतं.

तरीही ॲप्स आली नाहीत. सगळ्यात जास्त मनाला लागलं ते यूट्यूबचं प्रकरण. मायक्रोसॉफ्टने स्वतः ॲप लिहिलं, गुगलने २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते अडवलं. शेवटी दोघांचं जमलं नाही आणि आम्ही ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघत राहिलो. जगातल्या सर्वात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं जिथे चाललं नाही, तिथे योलाचं काय चालणार, हा प्रश्न मला खरंच छळतो.

एक चांगली आठवणही नोंदवतो. रेल्वेचं तिकिटाचं यूटीएस ॲप २०१४ च्या डिसेंबरात मुंबईतच पहिल्यांदा सुरू झालं, आणि ते विंडोज फोनवरही आलं होतं. म्हणजे सरकारी ॲप तिसऱ्या प्रणालीवर आणता येतं, मुंबईने ते पाहिलं आहे. पुढे मायक्रोसॉफ्टनेच हात वर केले. विंडोज १० मोबाईलचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला आणि त्याच्या जरा आधी, डिसेंबर २०१९ च्या शेवटी, व्हॉट्सॲपही बंद. माझा फोन अजून चालू होतो. हार्डवेअरला काहीही झालेलं नाही.

टॉवरवाले_काका

मी मोबाईल नेटवर्कमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. कोणत्या कंपनीत ते विचारू नका. मासोळीताईंनी जे पाहिलं त्याची कारणं सविस्तर लिहितो, कारण कस्टमर केअरवर ती कोणी सांगणार नाही.

फोरजीच्या जाळ्यात मुळात जुन्या पद्धतीचा कॉल नाहीच. ते फक्त डेटा वाहतं. त्यामुळे दोन मार्ग: एक, कॉलच्या वेळी फोनला खाली टूजी-थ्रीजीवर पाठवायचं. दोन, आवाजही डेटा म्हणूनच पाठवायचा, ते व्होल्टे. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, त्यामुळे त्यांना पहिल्या दिवसापासून व्होल्टे लागलं. एअरटेलने वर्षभराने, सप्टेंबर २०१७ मध्ये, व्होल्टे सुरू केलं ते मुंबईतूनच. पुढे थ्रीजीचं स्पेक्ट्रम फोरजीकडे वळवलं गेलं. आता व्होल्टे नसलेला फोन खाली उतरतो तो थेट टूजीवर, आणि टूजीसाठी राखलेली जागा अगदी थोडी आहे. दादर-परळला संध्याकाळी कॉल का येत नाही, त्याचं हे उत्तर. टूजीवर कॉल आणि डेटा सहसा एका वेळी चालत नाहीत, म्हणून बोलताना डेटा थांबतो.

आता फोनच्या आत. व्होल्टेसाठी फोनला आयएमएस नावाच्या वेगळ्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. क्वालकॉमच्या चिपवर त्याचा काही भाग मोडेममध्ये (टॉवरशी बोलणाऱ्या भागात) असतो आणि काही भाग अँड्रॉइडच्या बाजूला, चिप कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये. सेलफिशने वरचं अँड्रॉइड काढलं की तो वरचा भागही जातो. तो योलाला स्वतः नव्याने लिहावा लागला, २०२२ मध्ये बीटा म्हणून आला. मोडेममध्ये शिवाय प्रत्येक मोबाईल कंपनीसाठी एक प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचा संच, लागतं. तुमचा फोन भारतात विकलाच गेला नाही, म्हणून सोनीने त्यात आपल्या कंपन्यांसाठी काय ठेवलं असेल ते बघावं लागेल. अँड्रॉइडवर तो व्होल्टे पकडतो म्हणालात, हे फार महत्त्वाचं आहे. याचा अर्थ निदान तुमच्या कंपनीने हा फोन जाळ्यात अडवलेला नाही. अडचण प्रोफाइल निवडण्यात किंवा आयएमएसच्या एपीएनमध्ये (जाळ्याशी जोडणीच्या नोंदीत) असावी.

'यादीत नाही' या उत्तराबद्दल. अशा याद्या असतात, हे खरं. फोन बनवणारी कंपनी आणि मोबाईल कंपनी मिळून प्रत्येक मॉडेलची चाचणी करतात, त्याला महिने लागतात. पण चाचणी न झालेला फोन आणि अडवलेला फोन यांत फरक आहे. अमेरिकेत एटीअँडटीने २०२२ च्या फेब्रुवारीत थ्रीजी बंद करताना यादीबाहेरचे फोन खरोखर अडवले. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी गेलं तेव्हा ज्या फोनवरून तातडीचा कॉल लागणार नाही ते बंद करणं कंपन्यांना भागच होतं, आणि त्यात चांगले चालते फोनही गेले. आपल्याकडे टूजी अजून आहे म्हणून तुमचा ११२ ला कॉल आज लागेल. ते बंद होण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

माहीमची_मासोळी

काका, खूप खूप धन्यवाद. इतकं स्वच्छ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. एपीएन आज रात्री बघते.

सुटे_भाग

लॅमिंग्टन रोडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पाइनफोन हा लिनक्सचा फोन मी हौसेने मागवला होता, त्याचा अनुभव लिहितो. त्यातला मोडेम क्वेकटेलचा, आणि त्याची गंमत अशी की व्होल्टेचा पूर्ण संसार मोडेमच्या आतच आहे. वरची प्रणाली कोणतीही असू दे. एटी कमांडने, म्हणजे मोडेमला थेट दिलेल्या आज्ञेने, प्रोफाइलची यादी बघता येते. त्यात परदेशी कंपन्यांची नावं होती, आणि थ्रीजीपीपी या मोबाईल मानकांचं एक सर्वसाधारण प्रोफाइल. ते निवडलं, आयएमएस चालू केलं, फोन बंद करून पुन्हा सुरू केला. ग्रँट रोडला कॉल फोरजीवर लागला. कोणत्याही कंपनीला विचारावं लागलं नाही, कोणी यादी दाखवली नाही.

आवाज मधूनमधून तुटतो आणि बॅटरी लवकर संपते, ते सांगायला हवं. पण मुद्दा हा की सर्वसाधारण प्रोफाइलवर आपल्याकडचं जाळं कॉल घेतं. मासोळीताई, फोन घेऊन दुकानात या, मोडेमचे लॉग (त्याने ठेवलेल्या नोंदी) एकत्र बघू. पैसे नकोत.

क्लायंट_साइड

दुसऱ्या बाजूने लिहितो. मी पेमेंट ॲप बनवणाऱ्या टीममध्ये आहे. तुमच्या ईमेलला ठरीव उत्तर का येतं ते सांगतो, पटेलच असं नाही.

१. यूपीआयमध्ये पहिली पायरी उपकरण बांधणीची. तुमच्या फोनमधूनच, त्याच सिमवरून, एक गुप्त मजकुराचा एसएमएस बँकेकडे जातो. त्यामुळे हा नंबर याच फोनमध्ये आहे हे कळतं. ही पायरी ढिली केली तर दुसऱ्याच्या नंबरवर खातं उघडणाऱ्यांचं फावतं. ती काढा म्हणू नका, ती हवीच.

२. पिन टाकायची पाटी आमची नसते. ती एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, कॉमन लायब्ररीतून (सगळ्या ॲप्ससाठीच्या सामायिक सॉफ्टवेअरमधून) येते, आणि ती अँड्रॉइड आणि आयओएससाठी मिळते. उद्या मला सेलफिशसाठी अस्सल ॲप लिहायची इच्छा झाली तरी मी पिन कुठे घेऊ? शिवाय ॲपला मागे बँक लागते, एनपीसीआयचं प्रमाणपत्र लागतं. घरी बसून लिहायची ही गोष्ट नाही.

३. 'उपकरण सुरक्षित नाही' हा संदेश बहुतेक वेळा गुगलच्या प्ले इंटेग्रिटीमुळे येतो. आमचं ॲप गुगलला विचारतं, हा फोन प्रमाणित आहे का, बूटलोडर (प्रणाली बदलायचं दार) बंद आहे का. गुगल हो किंवा नाही सांगतं. रिझर्व्ह बँकेचे फेब्रुवारी २०२१ चे डिजिटल पेमेंट सुरक्षेचे निर्देश आहेत. त्यांत ॲप चालण्याआधी उपकरण किमान अटी पूर्ण करतं का ते बघा, असं म्हटलं आहे. गुगललाच विचारा असं म्हटलेलं नाही. पण ऑडिटर येतो तेव्हा 'आम्ही प्ले इंटेग्रिटी लावलं आहे' एवढं वाक्य पुरतं. दुसरी कोणतीही पद्धत लावली तर ती समजावून सांगायला कोणीतरी सही करावी लागते. ती सही कोणी करत नाही.

मी आमच्या मिटिंगमध्ये हा विषय काढला होता. किती वापरकर्ते, या प्रश्नापुढे गाडी गेली नाही. ॲप उघडतच नसेल तर ते वापरकर्ते आमच्या आकडेवारीत दिसणार तरी कसे, हेही मी म्हणालो. मला वाईट वाटतं, कारण यातले बरेच लोक सुरक्षिततेबद्दल सामान्य वापरकर्त्यापेक्षा जास्त दक्ष असतात. जुन्या, वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेल्या प्रमाणित अँड्रॉइडवर आमचं ॲप बिनबोभाट चालतं.

माहीमची_मासोळी

क्लायंट_साइड, आतून कोणी इतकं मोकळं बोललं याबद्दल आभार. तुमचा तिसरा मुद्दा वाचून मात्र जीव तुटला.

खासगी ॲपचं मला समजतं. एखाद्या खरेदीच्या दुकानाला माझ्या फोनसाठी ॲप काढायचं नसेल तर नको काढू दे. पण यूपीआय ही आता खासगी चैन राहिलेली नाही. माझा भाजीवाला, पिठाची गिरणी, रिक्षा, देवळातली दानपेटी, सगळीकडे तो कागदी चौकोन लावलेला असतो. सुट्टे नाहीत म्हणून माल परत ठेवावा लागतो. देशाची पैशांची सोय वापरायला दोन परदेशी कंपन्यांपैकी एकीचा दाखला लागावा, आणि तो कुणी कायद्याने नव्हे, ऑडिटरच्या सोयीने ठरवावा? हे मला अन्यायाचं वाटतं. तीच गोष्ट कॉलची. आवाजाचं जाळं हे सार्वजनिक स्पेक्ट्रमवर चालतं.

बोरीबंदर

एक वेगळा कोन. तुमच्या सेलफिशमध्ये अँड्रॉइडची ॲप्स चालतात, हेच मुळात घातक आहे असं मला वाटतं. ब्लॅकबेरी टेन आठवतं का? २०१३ च्या जानेवारीत आलं, कीबोर्ड, सगळे निरोप एका जागी दाखवणारा हब, सगळं सुंदर. मग त्यांनी त्यात अँड्रॉइड चालवायची सोय वाढवत नेली, पुढे ॲमेझॉनचं ॲपस्टोअरही दिलं. लगेच डेव्हलपर म्हणाले, अँड्रॉइडचं चालतंय ना, मग आमच्याकडून वेगळं कशाला? २०१७ च्या शेवटी व्हॉट्सॲप गेलं, ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या सेवाच बंद केल्या. ब्लॅकबेरी पासपोर्ट हा माझा सर्वात आवडता फोन होता. अजून कपाटात जपून ठेवलाय.

वेळापत्रक

बोरीबंदर, अर्धं मान्य. मी सेलफिशसाठी अस्सल ॲप लिहिलंय, म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो.

ॲप आहे मुंबई लोकलच्या वेळापत्रकाचं, माझ्यापुरतं आणि ओळखीच्या थोड्या लोकांपुरतं. इंटरनेटशिवाय चालतं. मला वापरता येईल अशा स्वरूपात वेळा कुठे मिळाल्या नाहीत, म्हणून स्टेशनवर मिळणाऱ्या पुस्तिकेवरून हाताने भरल्या. पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्सहार्बर. फास्ट-स्लो, बारा डबे-पंधरा डबे, कोणती गाडी कुर्ल्याला थांबत नाही, हे सगळं. वेळापत्रक बदललं की पुन्हा बसा. रविवारच्या मेगाब्लॉकची माहिती आदल्या दिवशी बातमी वाचून टाकायची. या कामात फार आनंद मिळतो, आणि रविवारी सकाळी एखादा म्हणतो 'तुझ्यामुळे ठाण्याला अडकलो नाही' तेव्हा सगळं वसूल होतं.

पण डेव्हलपर म्हणून योलाने दिलेली साधनं तोकडी होती, हे लपवणार नाही. क्यूटी या ॲप लिहायच्या साधनाची आवृत्ती ५.६ वर्षानुवर्षं तशीच राहिली, कारण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना त्यांना चालणारा नव्हता. इतरत्र शिकलेलं नवीन काहीच इथे लागू पडत नाही. त्यांच्या अधिकृत दुकानात ॲप विकायची सोय नाही, म्हणजे यावर कोणी पोट भरू शकत नाही. कोणत्या सुविधा वापरता येतील त्याचे नियम कडक, त्यामुळे निम्मे लोक अधिकृत दुकान सोडून समुदायाच्या भांडारात ॲप ठेवतात. नव्या माणसाला ते सापडत नाही. फिनलंडमधले लोक कष्टाळू आहेत, प्रश्नाला उत्तरं देतात, हे मी अनुभवलं आहे. मात्र डेव्हलपर न येण्याचं खापर फक्त अँड्रॉइडच्या सोयीवर फोडू नका.

आणि ती सोय काढली तर माझ्याकडे उद्या व्हॉट्सॲपही नसेल. सोसायटीच्या पाण्याची सूचना तिथेच येते.

चाळीतला_चार्जर

जिओफोनबद्दल कोणीच कसं बोललं नाही? तो कायओएसवर होता, म्हणजे फायरफॉक्स ओएसचाच वंश. अँड्रॉइड नाही, आयओएस नाही. २०१७ मध्ये जाहीर झाला, दीड हजारांच्या अनामतीवर, आणि व्होल्टे चालत होतं, कारण कंपनीला स्वतःच तो विकायचा होता. २०१८ च्या सप्टेंबरात व्हॉट्सॲपही त्याच्यावर आलं. माझी आजी त्यावर मराठीत आवाजी निरोप पाठवायची. मग २०२५ मध्ये कायओएसवरचं व्हॉट्सॲप बंद झालं आणि आजीला नव्याने सगळं शिकवावं लागलं. तिला टचस्क्रीन जमत नाही, बोटं थरथरतात.

म्हणून ज्यांना वाटतं की हा फक्त संगणकवाल्यांचा हट्ट आहे, त्यांनी हेही बघावं.

टॉवरवाले_काका

चार्जर, फार नेमकं लिहिलंत. व्होल्टे वेगळ्या प्रणालीवर आणता येत नाही हे म्हणणं त्या एका फोनने खोटं ठरवलं आहे.

वास्तववादी

आजीचा मुद्दा पोचला. माझं मत एवढंच बदलतो की कॉल आणि पैसे याबाबतीत कंपन्यांना मोकळं सोडू नये. तरी घरात आजारी माणूस असेल तर दुसरा फोन ठेवा, हे म्हणणं कायम.

सायन_सर्कल

तोवर रोजचं कसं भागवायचं, यावर माझं चालू असलेलं लिहितो.

लोकलसाठी तिमाही पास, तो खिडकीवर काढतो. एकेरी तिकिटाला रेल्वेचं स्मार्ट कार्ड, स्टेशनवरच्या एटीव्हीएम यंत्रावर टेकवलं की झालं. मेट्रो आणि बेस्टसाठी एनसीएमसी कार्ड. बँकेचं काम ब्राउझरमधून नेटबँकिंगने, ओटीपी एसएमएसने येतो, तो सेलफिशवरही येतो.

यूपीआयसाठी १२३पे वापरून बघा. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलं. दिलेल्या नंबरला कॉल करायचा, आवाजाने सांगितलेले आकडे दाबायचे, पिन टाकायचा. ॲप लागत नाही, त्यामुळे कोणती प्रणाली हा प्रश्नच येत नाही. एका व्यवहाराची मर्यादा आता दहा हजार आहे. वीजबिल आणि गॅस यासाठी उत्तम. भाजीवाल्यापाशी मात्र मागे रांग असताना फोन कानाला लावून आकडे दाबत उभं राहावं लागतं, तिथे मी रोखच देतो. इंटरनेटशिवाय यूपीआयसाठी *९९# हा कोड सुद्धा आहे, पण तो मध्येच तुटतो असा माझा अनुभव.

कलम_चार

कायद्याच्या बाजूने थोडं. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. त्यात एक मुद्दा असा होता की फोन बनवणाऱ्यांना अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्यांवर फोन काढायला करारांनी अडवलं जात होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश रद्द केले. म्हणजे 'पर्याय का उगवत नाहीत' हा प्रश्न आपल्याकडे अधिकृतपणे विचारला गेला आहे.

बँकेच्या ॲपने फक्त एकाच कंपनीचा दाखला मानावा का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँक आणि एनपीसीआयकडेच निवेदन द्यायला हवं. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा: सुरक्षा तपासा, पण ती सिद्ध करण्याचा एकाहून अधिक मार्ग ठेवा. 'आमचा फोन चालवून द्या' असं लिहिलंत तर केराची टोपली.

क्लायंट_साइड

+१. आणि त्यात कॉमन लायब्ररीचा मुद्दा घाला. १२३पे आहेच, म्हणजे ॲपशिवाय पिन घेण्याची पद्धत त्यांना मान्य आहे. मग ब्राउझरमधून पिन घेण्याची सुरक्षित पद्धत का नाही, हा रास्त प्रश्न आहे. मसुदा करा, तांत्रिक भाग मी तपासून देतो, नाव मात्र घालू नका.

टॉवरवाले_काका

व्होल्टेसाठी वेगळा रस्ता. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार केंद्राने प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) दिलाच पाहिजे. तोंडी बोलून फोन ठेवू नका, नंबर मागून घ्या. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. बहुतेक लोक इथवर जातच नाहीत. अपिलात गेलेला प्रश्न कॉल सेंटरच्या बाहेर, जाळं सांभाळणाऱ्या माणसांपर्यंत पोचण्याची शक्यता तरी असते.

माहीमची_मासोळी

ताजी खबर. सुटे_भाग यांच्या दुकानात जाऊन आले. त्यांनी लॉग काढले. माझ्या पहिल्या सिमला आयएमएसचं एपीएन मुळी भरलंच नव्हतं. ते भरून, मोडेममध्ये सर्वसाधारण प्रोफाइल लावून फोन पुन्हा सुरू केला. त्या सिमवर व्होल्टे लागलं! ग्रँट रोड, माहीम, दादर, तिन्ही ठिकाणी कॉल फोरजीवर राहिला आणि बोलताना नकाशाही चालू होता. आईचा आवाज इतका स्पष्ट आला की ती म्हणाली, शेजारच्या खोलीतून बोलतेयस का.

दुसऱ्या कंपनीचं सिम मात्र त्याच फोनवर, त्याच सेटिंगने नोंदणी नाकारतं. लॉगमध्ये जाळ्याकडून नकार येतो असं दिसतं. तिथे आता डॉकेट नंबर घेतलाय. तक्रारीत हे लिहिलंय, बघून सांगा:

'माझ्या क्रमांकावर व्होल्टे सेवा सुरू आहे का? असल्यास माझ्या हँडसेटची आयएमएस नोंदणी कोणत्या कारणाने नाकारली जाते? आपल्या जाळ्यावर व्होल्टे चालणाऱ्या हँडसेटची यादी ग्राहकांना कुठे पाहता येईल? यादीबाहेरच्या हँडसेटची चाचणी करून घेण्यासाठी अर्ज कुठे करायचा?'

एपीएनच्या नोंदी आणि प्रोफाइलची पद्धत मी वेगळी लिहून इथेच टाकते. ज्यांचं लागेल त्यांनी फोनचं मॉडेल, भाग आणि सिम कोणत्या सर्कलचं एवढं लिहा. दहिसर_नाका, उबंटू टचवर तुम्ही करून बघा, मोडेम क्वालकॉमचा असेल तर आशा आहे.

दहिसर_नाका

मीडियाटेक आहे ताई. तरी एपीएन आज भरून बघतो, उद्या बोरिवलीहून कळवतो.

टॉवरवाले_काका

मजकूर चांगला आहे. दुसऱ्या प्रश्नात एक भर घाला: नकाराचा सिप कोड (जाळं नकाराबरोबर पाठवतं तो आकडा) आणि वेळ लॉगमधून घेऊन लिहा. ४०३ असेल तर त्यांनी जाणूनबुजून अडवलं असण्याची शक्यता जास्त, आणि मग 'हँडसेट सुसंगत नाही' हे उत्तर देऊन त्यांना सुटता येणार नाही. आयएमईआयचे (फोनच्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे इथे टाकू नका, फक्त तक्रारीत द्या.